माळकऱ्याच्या केसांतला पारा

"सगळ्यांसमोर सांगा मॅडम. मले काय लपवाचं आहे?" वासुदेवभाऊ म्हणाले.

मी म्हटलं, रिपोर्ट खासगी असतो, आत बसून बोलू. ते ऐकेनात. ते गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख. गळ्यात तुळशीची माळ आणि ओसरीवर अख्खं मंडळ बसलेलं. शेवटी सांगितलं, "भाऊ, तुमच्या केसांत गावात सगळ्यात जास्त पारा निघाला."

ओसरीवरचे सगळे भाऊंकडे बघायला लागले. पारा कशातून येतो हे मीच मागच्या खेपेला त्यांना समजावून गेले होते.

पोंभुर्ण्याकडचं हे नदीकाठचं गाव. जवळच्या वीजकेंद्रात कोळसा जळताना धुरातून थोडा पारा उडतो, पाण्यात उतरतो, तिथून माशांत आणि माशांतून माणसांत जातो. म्हणून आमची लॅब इथल्या लोकांचे केस आणि रक्त तपासत होती. डोक्याच्या मागच्या बाजूची बारीकशी बट मुळाशी कापायची. रक्त अलीकडचं सांगतं, केस मागच्या काही महिन्यांचं. तुलनेसाठी मासे न खाणारी माणसंही लागतात. त्यासाठी मंडळातून एकटे वासुदेवभाऊ स्वतःहून पुढे आले होते.

"म्हणजे भाऊ मासोया खाऊन राह्यले?" मंडळाच्या पेटीवाल्यानं विचारलं.

भाऊंच्या पत्नी सुमनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "माह्या घरात तं मासोई शिजतच नाई. मंग तुमाले कोण खाऊ घालून राह्यली?"

मी बाहेर येऊन लॅबच्या सरांना फोन लावला.

"व्हेजिटेरियन? मग सॅम्पल बदललंय. काढून टाका."

"रक्तातही जास्त आहे, सर."

"मग तो खोटं बोलतोय."

मी पुन्हा सॅम्पल घ्यायला गेले, तोवर मंडळानं भाऊंना भजनाला बोलावणं बंद केलं होतं. सुमनबाई ताट ठेवायच्या आणि न बोलता उठून जायच्या. भाऊ वाळले होते. रक्त घ्यायला मी त्यांची बाही वर केली. हात उन्हात राबणाऱ्या माणसाचा, काळासावळा. चेहरा मात्र कॉलरपर्यंत गुलाबी.

"भाऊ, तोंडाला काय लावता?"

"काई नाई."

"पाऱ्यानं किडनी जाते, भाऊ."

ते उठले. देवाच्या फोटोमागून एक डबी काढली. वर नाव नाही, कंपनी नाही. "बाजारातली आहे. गोरं होते म्हणते."

"तुम्हाला कशाला लागते?"

"लोकं भजनाचा व्हिडिओ काढतेत ना. त्यात मी लय काळा दिसतो."

काही स्वस्त क्रीममध्ये पारा घालतात. तो कातडीचा रंग उतरवतो आणि कातडीतूनच रक्तात जातो. लॅबमध्ये त्या डबीत भरपूर पारा निघाला, तेव्हा सरांनीच भाऊंची लघवी तपासायला सांगितली. तिच्यातून प्रोटीन जायला लागलं होतं. म्हणजे किडनीला त्रास सुरू झाला होता.

मी हे सांगायला गेले तर भाऊंनी हात जोडले. "मॅडम, रिपोर्टात मासोयाच लिवा ना."

"आणि सुमनबाई?"

"तिले मी समजावतो. मासोया एक वेळ चालते. हे नाई चालत."

"आणखी कोणी घेतली ही क्रीम?"

त्यांनी माळ चाचपली. मग हळूच म्हणाले, "पूर्ण मंडळानं. पेटीवाल्यानंच आणली होती."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. पण सांगणार कोण? भाऊ म्हणाले, मीच सांगतो. त्यांनी मंडळाला ओसरीवर बोलावलं, डबी मधोमध ठेवली आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. किडनीचंही सांगितलं. पेटीवाला छपराकडे बघत होता. तेवढ्यात आतून सुमनबाईंचा आवाज आला, "गोरं व्हाले? या वयात? त्यापेक्षा मासोया खाल्ल्या असत्या तं बरं होतं!" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता रडल्याही.

संध्याकाळपर्यंत माझ्या तपासणीच्या टेबलावर डब्यांची रांग लागली. कोणी धोतराच्या सोग्यातून आणली, कोणी टोपीखालून. पेटीवाला सगळ्यात शेवटी आला.

सगळ्यांच्या तपासण्या केल्या. क्रीम बंद झाली आणि काही महिन्यांत भाऊंच्या लघवीतून प्रोटीन जाणं थांबलं. मंडळानं त्यांना पुन्हा पुढं बसवलं. व्हिडिओत ते आता काळे दिसतात आणि आवाज पूर्वीसारखाच लागतो.

आम्ही लोकांना माशांवर पानभर प्रश्न विचारत होतो, तोंडावर एकही नव्हता. आता कुठल्याही गावात माझा पहिला प्रश्न तोच असतो, चेहऱ्याला काय लावता? बाया लगेच सांगतात. पुरुष आधी मागं वळून बघतात आणि मग म्हणतात, "काई नाई." तेवढं ऐकलं की मी डबी मागते.