एकाच फिल्ममधली आई

गिऱ्हाईक म्हणून आलेले काका स्लाइड बघायचा व्ह्यूअर डोळ्यांना लावून बसले होते आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"छोकरो बराबर आहे," ते म्हणाले. "पण बा हलते. डोळा दुखतो, दीकरी."

बा म्हणजे त्यांची आई. ती हलते म्हणजे मी कापलेला हाही मास्क चुकला होता.

कॉलेज सुटल्यावर मी कतारगामला साड्यांचे कॅटलॉग बनवणाऱ्या दुकानात काम करते. वडील पॉवरलूमवर आहेत. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून शेठना वाटतं की मला सगळं येत असेल. आम्ही काळ्या कार्डात लेझरने खिडक्या कापतो आणि मागून कापडाचे तुकडे चिकटवतो. काकांचं काम मला तसंच वाटलं होतं.

स्टिरिओ स्लाइडमध्ये एकाच दृश्याच्या दोन छोट्या फिल्म असतात. कॅमेऱ्याला दोन लेन्स असतात, आपल्या डोळ्यांसारख्या शेजारी शेजारी. डाव्या डोळ्याला डावी फिल्म आणि उजव्याला उजवी दिसली की फोटोत खोली येते, माणूस समोर बसल्यासारखा वाटतो. या फिल्मवर दोन खिडक्यांची पातळ चौकट बसते, तो मास्क. काकांच्या मामांनी असा कॅमेरा आफ्रिकेहून आणला होता. त्यावर काढलेल्या स्लाइडचे कागदी मास्क कसरीने खाल्ले होते.

बाकीच्या स्लाइड नीट झाल्या. ही एकच अडली. मध्ये लहानपणीचे काका आणि डाव्या कडेला त्यांच्या आईचा अर्धा चेहरा. तिचा दुसरा फोटो नाही. तिचा चेहरा काकांना आठवतही नाही.

"मामा, मामी, सगळे जिवंत दिसले," ते म्हणाले. "हिलापण एकदा तसंच बघायचं आहे."

मी दोन्ही फिल्म लाइटवर एकाखाली एक ठेवल्या. तेव्हा कळलं. आई फक्त डाव्या फिल्ममध्ये होती. जवळून फोटो काढला की डाव्या लेन्सला डावीकडचं थोडं जास्त दिसतं. ती जास्तीची पट्टी झाकावी लागते, नाहीतर एक डोळा बघतो, दुसरा बघत नाही आणि तेवढा भाग लुकलुकतो. म्हणून दूरच्या फोटोला रुंद खिडकीचा मास्क निवडतात, जवळच्याला अरुंद.

"एमां शूं, त्यात काय? खिडकी मोठी कर," शेठ म्हणाले.

"शेठ, उजव्या फिल्ममध्ये त्या नाहीतच."

"तर कॉम्प्युटरवर बनाव."

"बनावट बा मला नको," काका म्हणाले.

तरीही जमेल या आशेने मी खिडकी जरा जरा सरकवून मास्क कापत राहिले. प्रत्येक वेळी काका डोळे चोळत. शेवटी मी अरुंद मास्क लावला, जो नियमाने बरोबर होता.

काका बराच वेळ बघत राहिले. "आता एकदम बराबर. छोकराचा पाय तर हातात येईल." मग म्हणाले, "बा कुठे गेली?"

"झाकली, काका. झाकल्याशिवाय होत नाही."

"पण छोकरो तिच्याकडेच बघतोय. तिथे आता काळं आहे."

काकांनी त्या दोन फिल्म मास्कमधून काढायला लावल्या आणि तशाच सुट्या पाकिटात घालून नेल्या. त्यांचा व्ह्यूअर टेबलवरच राहिला. मी हाक मारली, तर म्हणाले, "राहू दे."

आता असं काम आलं की मी कटिंगच्या आधी दोन्ही फिल्मच्या कडा तपासते. कोणी एकाच फिल्ममध्ये असेल तर गिऱ्हाइकाला तेव्हाच सांगते. सांगून फोटो सुधारत नाही. फक्त आशा लावायचं पाप टळतं.