उर्वशीचा हजार

दिवाळीची सुट्टी संपली आणि उर्वशी आमच्या शाळेत आली. तिचे आईबाप छत्तीसगडहून राजूरजवळच्या वीटभट्टीवर विटा पाडायला आले होते. वय अकरा, म्हणून माझ्या पाचवीत तिचं नाव घातलं. पंधरवड्यातच सरकारी चाचणी आली. गणिताचे वीस गुण, सगळे प्रश्न मराठीत. उर्वशीला पडले तीन.

मी तापट बाई आहे आणि घाईची तर त्याहून जास्त. ‘कागदावर पाचवी, बसायला तिसरी,’ असा निकाल मी उभ्या उभ्या देऊन टाकला. तिसरीत तिची धाकटी बहीण होती. दीदी आपल्या वर्गात आली म्हणून ती भट्टीभर आनंदाने सांगत सुटली. उर्वशी मात्र रोज शाळा सुटली की टेबलापाशी हजर.

“मैडम, पाँचवीं में कब बैठूँगी?”

“मराठी आली की.”

आठवड्याने ती म्हणाली, “फिर मैं कल से भट्ठे पे ही जाऊँगी. वहाँ तो मुझे सब आता है.” डोळ्यांत पाणी नाही, आवाजात राग नाही. पोरगी बोलल्यासारखं करणार, हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी ती आली, पण दप्तराशिवाय. फक्त बहिणीला सोडायला. तेवढ्यात खिचडीच्या शेडसाठी विटांची ट्रॉली आली. ड्रायव्हर बाबूसिंगने विटा रचून घेतल्या आणि दोन हजार विटांची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. मी सही करणार, तोच फाटकातून उर्वशी म्हणाली, “अठारह सौ हैं, मैडम.”

“मोजल्या कवा हिनं?” बाबूसिंग चमकला.

“लंबाई में बीस, नौ थर, दस लाइन.” ती बोट नाचवत म्हणाली.

खिचडीवाल्या हंसाबाई पदर खोचून मोजायला बसल्या. अठराशे! बाबूसिंगने कपाळावर हात मारला. “अवो मॅडम, दोनशे अंगणवाडीत उतरवल्या ना! सांगाचं राहूनच गेलं.”

“पोरीले तीन मार्क देल्ले म्हने तुमी?” हंसाबाईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं. मी कपाटातून तिची उत्तरपत्रिका काढली.

बहुतेक प्रश्न कोरे. एका प्रश्नाशेजारी ट्रॉलीचं चित्र होतं: एका ट्रॉलीत दोन हजार विटा, तर तीन ट्रॉल्यांत किती? चारही पर्याय सोडून तिने बाजूला स्वतःच लिहिलं होतं, ६३००. त्यावर माझी लाल फुली, चांगली ठसठशीत.

“हे तिरसठ सौ कुठून आणले गं?”

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “हज़ार पे पचास टूट-फूट के ऊपर से देने पड़ते हैं, मैडम. नहीं तो मुंशी हज़ार मानता ही नहीं.”

तीन ट्रॉल्यांचे सहा हजार, वरचे तीनशे. हिशेब चोख. मला हसू आवरेना आणि त्याच वेळी स्वतःची लाजही वाटली. मग व्हरांड्यात बसून सगळा पेपर मी तिला माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत वाचून दाखवला. पुस्तकातली वीट फुटत नाही, एवढं मात्र आधी समजावलं. वीसपैकी सतरा! ऑनलाइन भरलेले तीन गुण आता बदलता येत नव्हते. न येवोत. बसायची जागा तर माझ्या हातात होती.

“जा, दप्तर घेऊन ये,” मी म्हणाले. ती भट्टीपर्यंत पळत गेली आणि पळतच परत आली. पाचवीच्या पहिल्या बाकावर पिंटू ऐसपैस पसरला होता. उर्वशीने त्याला कोपराने सरकवलं, वही उघडली, हाताची घडी घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “हाँ मैडम, अब पढ़ाओ.”