नऊशे अठ्ठ्याहत्तर

फिजिक्स मी का सोडलं, हे आजवर कुणाला खरं सांगितलेलं नाही. वडील कोराडीच्या वीज केंद्रात होते, त्यामुळे ‘घरच्यांनी नोकरीला लावलं’ हे उत्तर सगळ्यांना पटायचं. वडील बिचारे एका शब्दाने काही बोलले नव्हते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. लंबकाचे झोके मोजून गुरुत्वाकर्षणाचं मूल्य काढायचं होतं. पुस्तकात नऊशे एक्याऐंशी दिलेलं. मी आणि माझा पार्टनर, नागपूरच्या महाल भागात खोली घेऊन राहणारा काटोलकडचा मुलगा, तीन दुपारी झोके मोजत बसलो. दर वेळी नऊशे अठ्ठ्याहत्तर. पंखा बंद केला, लंबक ज्या धारेवर टांगतात ती पुसली, स्टॉपवॉच बदललं. पुन्हा तेच.

“आलं ते आलं गा,” तो म्हणाला. “पृथ्वी का आपल्याले इचारून ओढते?”

मी एकटाच सरांकडे गेलो. मी फिजिक्स घेतलं ते या सरांमुळे. ‘एम.एस्सी. कर, पुढे माझ्याकडेच संशोधन कर,’ असं ते मला एकदा म्हणाले होते आणि त्या वाक्यावर मी दोन वर्षं काढली होती. त्यांनी वही पाहिली आणि सही न करता परत दिली.

“एक्याऐंशी आणा.”

उत्तरावरून मागे येत आकडे बसवण्याला आमच्या वर्गात ‘उलटी गंगा’ म्हणत. मी ती केली. खरं वाटावं म्हणून प्रत्येक वेळेत थोडा फरकही ठेवला. पार्टनरने मात्र स्वतःच्या वहीतल्या आकड्यांना हात लावला नाही.

सरांनी दोघांना उभं केलं. “उपकरण एक, मग उत्तरं दोन कशी?”

“याचे झोके मोजताना चुकले असतील, सर,” मी म्हणालो.

जिन्यावर त्याने एवढंच विचारलं, “काहून बे?” मी पायऱ्या उतरत राहिलो. प्रॅक्टिकलमध्ये त्याचे गुण कापले गेले, फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला आणि एम.एस्सी.ची जागाही गेली.

उन्हाळ्यात प्रवेशाच्या अर्जावर सही घ्यायला मी सरांच्या खोलीत गेलो. ते कुणाशी तरी बोलत होते, म्हणून टेबलावरचं एक जाड पुस्तक चाळलं. अक्षांशांप्रमाणे गुरुत्वाकर्षण किती बदलतं, याचा तक्ता त्यात होता. नागपूरच्या अक्षांशापुढे नऊशे अठ्ठ्याहत्तर. एक्याऐंशी कुठल्यातरी थंड देशाचं होतं.

मी पान सरांपुढे धरलं. त्यांनी चष्माही लावला नाही.

“मला ठाऊक आहे रे. दरवर्षी कुणीतरी अठ्ठ्याहत्तर आणतोच. बाहेरून येणारा परीक्षक एक्याऐंशी बघतो. त्याच्याशी वाद कोण घालणार?” सही करता करता ते हसले. “तुला लगेच समजलं. म्हणून तर तू मला हवा आहेस.”

ते मला ओरडले असते तर मी कदाचित फिजिक्समध्ये राहिलो असतो. त्यांनी मला नेमकं कशासाठी निवडलं होतं, ते त्या वाक्याने कळलं. ज्या माणसावर मी आयुष्य टाकलं होतं, त्याने मला फसवलं होतं. आणि तसं म्हणायचा हक्क मी आधीच घालवून बसलो होतो. सही केलेला अर्ज मी भरला नाही.

आठवड्याने महालात गेलो, पार्टनरला सगळं सांगायचं ठरवून. तो सामान बांधत होता. गावाकडच्या शाळेत त्याला मास्तरकी मिळाली होती.

“अर्ज काहून नाही भरला?” त्याने विचारलं.

“घरी अडचण आहे.”

“पाह्य बरं. तुले तर सरायनं बोलावलं होतं. माहं ठीक हाय, मले मोजताच नाही आलं.” तो दोरीची गाठ आवळत होता. “लय इचार केला गा मी. माहेच झोके चुकले असतीन.”

मी दोरीचं दुसरं टोक धरलं आणि म्हणालो, “असतील.”