देवांबरोबर न्हालेली घडी

मला पाहायला आलेला मुलगा आमच्याकडे मनगटावरची घडी विसरून गेला, आणि ती घडी आमच्या आत्याबाईंनी पंचामृतात बुडवली. आता सांगताना हसू येतं. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आमचं गाव बीबी. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. लढाई चालू होती, पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी कोळशावर धापा टाकत चालायच्या. मुलगा खामगावातल्या एका कापसाच्या जिनात कारकून होता. काकाला घेऊन तो मेहकरपर्यंत मोटारीनं आला आणि पुढे आमच्या दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून. आई मी लहान असतानाच गेली होती. घरात आम्ही तिघंच: मी, माझे वडील बापू आणि त्यांची थोरली बहीण आत्याबाई. बाई तोंडाच्या इतक्या फटकळ की गावातली माणसं त्यांना चुकवून दुसऱ्या आळीनं जात. माझ्यावर मात्र जीव टाकायच्या.

काकानं मला वाचून दाखवायला लावलं, मग सुईत दोरा ओवायला लावला, मग म्हणाला, "जरा चालून दाखव." तेवढ्यात तो मुलगा मान वर न करताच म्हणाला, "काका, पुरे करा आता. बैल पाहाले आलो का आपन?" संपलं! माझं तिथंच ठरलं. करीन तर हाच.

पण माझ्या ठरण्याला विचारतो कोण? बापूंना मुलगा बरा वाटला होता, तरी त्यांनी शब्द दिला नव्हता. आधीचं एक चांगलं चालून आलेलं स्थळ त्यांनी एवढ्यासाठी मोडलं होतं, की त्या लोकांनी कोरडवाहू शेत ओलिताचं म्हणून सांगितलं. खोटं बोलणाऱ्या माणसाचं पाणीसुद्धा ते पीत नसत.

काकाचा सगळा वेळ घडीच्या कौतुकात गेला. "अस्सल विलायती हाय. मोठ्या लोकायच्याच हातात दिसते. पान्यात टाका, हिरीत टाका, काई होत नाई!" मुलगा मात्र जेवायच्या आधी हात धुवायला गेला तेव्हा त्यानं ती हळूच काढली आणि न्हाणीजवळच्या कोनाड्यात ठेवली. पुढे मोटार गाठायची घाई झाली आणि घडी तिथंच राहिली. बापू रोज सकाळी तिची किल्ली पिळून ती चालू ठेवत.

मग खामगावहून निरोप आला: दसऱ्याला घडी न्यायला येतो, जपून ठेवा. माझ्याबद्दल अवाक्षर नाही! मला असा राग आला म्हणता. घडीची एवढी काळजी, आणि इथं एक जिवंत पोरगी वाट पाहून राहिली, तिचं काय?

नवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळे, कुऱ्हाडी, वखराच्या लोखंडी पासा धुऊन पुसून पाटावर मांडायच्या आणि हळदकुंकू वाहायचं. मी विहिरीवरून पाणी घेऊन आले तर देवघरात आत्याबाईंनी देवांना ताम्हणात घेतलेलं, वरून दही, दूध, मध, तूप, साखर चाललेली, आणि बाळकृष्णाच्या शेजारी पडलेली ती घडी!

"अवं आत्याबाई! हे काय केलं?"

"काय केलं म्हन्जे? घरात हाय ते हत्यार पुजा लागते. पाहुन्याचं झालं तरी का झालं?"

"पन पंचामृतात?"

"त्याचा काकाच सांगे ना, पान्यानं काई होत नाई म्हून. मंग दुधादह्यानं कायले होते?"

मी घडी उचलली. काचेवर तुपाचा थर, किल्लीच्या खाचेत दही, पट्ट्याच्या भोकाभोकांत मध. आणि दोन लाल मुंग्या कडेकडेनं आत जायची वाट शोधत होत्या. बिघडलेली घडी त्याच्या हातात ठेवली की लग्न कसलं आणि काय कसलं! आयुष्यभर बीबीत बसून आत्याबाईंबरोबर ताम्हण घासावं लागलं असतं.

आत्याबाईंनाही आता चूक कळली होती, पण कबूल करतील तर त्या आत्याबाई कसल्या! त्या राख आणि चिंच घेऊन आल्या. "आन इकडं, घासून देतो लख्ख." मी ओरडलेच, "हात लावू नका बरं!" राखेनं काचेवर ओरखडे पडले तर ते निघणार कसे? मी डोकं शांत ठेवून विचार केला. आत पाणी जात नाही म्हणतात, तर घाण बाहेरच असणार. बाहेरच्या घाणीला जोर कशाला पाहिजे? फक्त किल्ली बाहेर निघालेली नको, नाहीतर तिथून पाणी आत जाईल. ती बोटानं चाचपली, घट्ट बसलेली होती. तिला ओढलं नाही की फिरवलं नाही.

आधी फडक्यानं मुंग्या झटकल्या आणि दह्याचा लगदा पुसून काढला. मग कोमट पाण्यात रिठा कुस्करून फेस केला. पाणी कढत नाही हे आधी कोपरावर पाहिलं. बापूंचा दाढीचा ब्रश घेतला (हे त्यांना कधीच सांगितलं नाही) आणि त्याच्या मऊ केसांनी काचेवरून, कडेवरून, किल्लीभोवती हळूहळू फिरवत राहिले. खाचेतलं दही निघेना, ते खराट्याच्या काडीला चिंधी गुंडाळून काढलं. मग वरून साधं पाणी. पट्टा कातड्याचा, त्याला भिजवलं नाही, नुसतं ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. शेवटी बापूंच्या जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं सगळी टिपली.

"चुलीपाशी ठेव, लवकर वाळंल," आत्याबाई म्हणाल्या. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या मुकाट्यानं बाहेर गेल्या. घडी सावलीत, कोरड्या फडक्यावर ठेवली. ठेवताना जवळून पाहिलं तर काचेवर धुकं! गेलं, आत पाणी गेलं! मी तशीच बसले. मग सहज पदराचं टोक फिरवलं तर धुकं पुसलं गेलं. माझाच श्वास होता तो. मीच इतकी जवळून पाहत होते! घडी कानाला लावली. टिकटिक चालू. देवा रे, काय हायसं वाटलं! मी त्या ताम्हणातल्या बाळकृष्णाला तिथूनच हात जोडले.

दसऱ्याला दुपारी तो एकटाच आला. चेहरा उतरलेला, डोळे खोल गेलेले. पाणीही न घेता म्हणाला, "घडी हाय ना?" बापूंनी ती त्याच्या हातात ठेवली. मी आतल्या दाराआडून पाहत होते. त्यानं कानाला लावली, डोळे मिटले, आणि एवढा मोठा श्वास सोडला की मला दाराआड ऐकू आला. मग उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा घाबरला.

"एवढी चकचकीत कशी झाली ही?"

"पोरीनं पुसून ठेवली," बापू म्हणाले. "काऊन, काई बिघडलं का?"

"बिघडलं नाई, पन... वर्षानुवर्षाचा मळ होता हिच्यावर. आता बाबू म्हनतीन, ही घडी मायी नाईच."

"कोन बाबू?" बापूंनी विचारलं.

तो खाली पाहू लागला. एखादी थाप मार रे बाबा, असं मनात आलं, आणि लगेच वाटलं, नको, मारू नकोस.

"आमच्या जिनातल्या मोठ्या बाबूची हाय," तो म्हणाला. "काका म्हने, पोरगी पाहाले मोकळ्या हातानं जाऊ नको. म्हून एका दिवसासाठी मागून आनली होती. बिघडली असती तर नोकरीच जाती मायी. आठवडाभर झोप नाई मले."

बापूंच्या कपाळावर आठ्या चढल्या. आता "या तुम्ही" म्हणतात की काय, म्हणून मी दाराची कडी घट्ट धरली. पण त्यांच्या आधी आत्याबाई पुढे झाल्या.

"म्हन्जे घडी उसनी. आन् कोट?"

"कोटबी."

"आन् तुमी?"

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "मी मायाच हाव, बाई. जसा हाव तसा."

आणि मला हसू फुटलं. चांगलं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं! पाहुण्यासमोर पोरीनं हसायचं नसतं, पण ते आवरेचना. बापूंनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. कपाळावरच्या आठ्या तशाच होत्या, पण आवाज खाली आला होता.

"आक्का," ते आत्याबाईंना म्हणाले, "साखर आन. नसंल तर गूळ आन."

मी तिथंच दाराआड जमिनीवर बसले, तोंडात पदर कोंबला आणि पोटभर रडले.