हळू बोलायची नोकरी

तिला सगळे गोडबोली म्हणत. मिक्सरपासून कानाच्या मशीनपर्यंत सगळं बनवणाऱ्या एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात ती काउंटरवर बसे. लोक बंद पडलेली वस्तू पिशवीतून आणत आणि ती खालच्या आवाजात सांगे, "हे मॉडेल बंद झालंय. पार्ट मिळत नाही. नवीनच घ्या." खालच्या आवाजात, कारण कंपनीनेच तसं शिकवलं होतं. एकाचं ऐकून मागची रांग बिथरते म्हणे. काय ती हुशारी! तिच्यातली चिमूटभर वस्तू टिकवायला वापरली असती तर काउंटरवर रांगच लागली नसती.

आत काय चालतं ते तिला ठाऊक होतं. चहा पिताना मेकॅनिक बोलून जात: स्क्रूच्या जागी गोंद, लोखंडी चाकाच्या जागी प्लास्टिकचं. वॉरंटी संपली की वस्तूने मान टाकलीच पाहिजे. ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं, म्हणून ती मूग गिळून बसायची.

मग तिच्या आईचं कानाचं मशीन बंद पडलं. नुसती बॅटरी गेली होती, पण ती बदलता येऊ नये म्हणून कवचच चिकटवून टाकलेलं. मेकॅनिकने उघडायला घेतलं तर त्याचे तुकडे झाले. नवीन घेणं झेपणारं नव्हतं आणि काउंटरवरचं ते वाक्य आईला सांगायला हिची जीभ रेटेना. "उद्या, उद्या" असे हातवारे करून ती वेळ मारून नेत राहिली. नातीची बडबड ऐकू येईना म्हणून म्हातारी कासावीस झाली. एके सकाळी ती स्वतःच सेंटरात आली, रांगेत उभी राहिली आणि नंबर आल्यावर म्हणाली, "माझं मशीन कुठंय?"

गोडबोलीने सवयीप्रमाणे हळू सांगितलं. आईने कान पुढे केला. ती जरा मोठ्याने बोलली. आईला तेही कळलं नाही. मॅनेजर केबिनमधून डोळे वटारत होता. तेव्हा मात्र तिचा बांध फुटला.

"दुरुस्त होत नाही, आई! होऊ नये म्हणूनच असं बनवतात. मुद्दाम बनवतात!"

रांग बिथरली. कुणीतरी हातातला मिक्सर काउंटरवर आदळला. आईला या वेळी शब्द न् शब्द पोचला होता. तिने लेकीच्या छातीवरच्या कंपनीच्या बिल्ल्याकडे पाहिलं आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात विचारलं, "मग इतकी वर्षं तू या लोकांना काय सांगत होतीस?"