टाकीच्या झाकणाचं कुलूप

बंद पडलेली गाडी ओढायला गेलेली गाडीच रस्त्यात बसलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? मी चार वेळा पाहिली. चिकलठाण्याच्या एका ट्रक गॅरेजमध्ये बारा वर्षं मी जॉब कार्डं लिहिते. गॅरेजमधले किस्से जुन्या फिल्टरसारखे असतात. उद्या फेकू म्हणून कोपऱ्यात ठेवायचे, आणि एक दिवस कोपराच उरत नाही! हे सगळे आमच्या टोचनगाडीचे. हसू आलं तर हसा. मीही तेव्हा हसलेच होते.

*

पहिल्यांदा ती बिडकीनजवळ बसली. मागं सिमेंटनं भरलेला, बंद पडलेला ट्रक बांधलेला. रस्ता जरासा चढला आणि हिचा दमच गेला. ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी पुढं सरकेना. शेवटी दुसऱ्या गॅरेजच्या दोन गाड्या आल्या. एकीनं ट्रक ओढला, दुसरीनं आमची टोचनगाडी.

आमचे ड्रायव्हर हनीफभाई वीस वर्षं गाडी चालवणारे. गेटातून आत आल्यावर खाली उतरले आणि मला म्हणाले, "सुरेखाताई, आज मैं ड्रायव्हर नहीं, सामान बनके आया!"

अख्खं गॅरेज हसलं. शेठ सोडून.

*

शेठना एकच संशय, हनीफभाई डिझेल विकतात. म्हणून दिवाळीच्या आधी त्यांनी लेथवाल्याकडून टाकीच्या झाकणाला कुलूप करून घेतलं होतं. झाकणाला मूळचं टाचणीएवढं भोक होतं, तेही बुजवून टाकलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला झाकण दाखवून म्हणायचे, "आता यात हवासुद्धा शिरणार नाही!"

आमचे जुने मिस्त्री वसंतदादा हळूच म्हणाले, "एवढ्याशा भोकातून डिझेल चोरायचं म्हणजे हनीफला मुंगीच व्हावं लागंल."

गाडी बिडकीनहून ओढून आणली त्या दिवशी शेठनी खिशातून चावी काढली, कुलूप उघडलं, टाकीत काठी घालून पाहिली. डिझेल जागच्या जागी. मग कुलूप लावून स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि जालना रोडवर रिकामी गाडी पळवून आणली. एकदम ठणठणीत!

"बघितलं? मी हात लावला की चालते. बिघाड गाडीत नाही, माणसात आहे."

*

जॉब कार्डावर एक रकाना असतो, बिघाडाचं कारण. शेठ म्हणाले, "लिहा, ड्रायव्हरची चूक."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, त्यावरच तर मला ही नोकरी मिळाली.

कार्डाखाली ड्रायव्हरनं सही करायची, अशी आमच्याकडची पद्धत. आणि तीन कार्डांवर ड्रायव्हरची चूक आली की माणूस बदलायचा, ही शेठची पद्धत. हनीफभाई उर्दू शाळेत शिकलेले, त्यांना मराठी वाचता येत नाही. मी कार्ड पुढं केलं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही, सरळ सही केली.

"तुमने लिखा है ताई, तो ठीकइच होगा."

मी पेनाला टोपण लावलं.

*

मग पुण्याहून शेठचे जावई लॅपटॉप घेऊन आले. वायर जोडली, चष्मा पुसला, म्हणाले, "लोड ओढताना फ्युएल प्रेशर पडतंय. पंप बदला."

पंप बदलला. चौथ्या दिवशी करमाडजवळ गाडी पुन्हा बसली. जावईबापूंनी पुन्हा वायर जोडली आणि खूश होऊन म्हणाले, "पण बघा, नवीन पंपामुळं कमी प्रेशर किती अचूक दिसतंय!"

वसंतदादा चहाचा कप घेऊन हसायला बाहेर गेले.

कार्डावर काय लिहिलं, ते सांगायला नको.

*

तिसऱ्यांदा बसली तेव्हा फिल्टर बदलले, नळ्या बदलल्या. गाडी गॅरेजमध्ये आली की शेठ आधी कुलूप उघडून काठी घालायचे आणि मग रिकामी चक्कर मारायचे. गाडी मस्त पळायची. लोड बांधून दहा-पंधरा किलोमीटर गेली की बसायची.

"सगळं नवीन घातलं," शेठ म्हणाले. "आता जुना हनीफच राहिला."

तिसऱ्या कार्डावर सही झाली, तशी शेठनी नवीन ड्रायव्हर शोधायला सांगितलं. वसंतदादा मध्ये पडले. "एक दिवस द्या मला."

"गॅरेजमध्येच तपासा की!"

"दम लागणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवून तपासता व्हय, शेठ? जिना चढवा त्याला!"

*

जिना म्हणजे चौक्याचा घाट. मागं भरलेला ट्रक बांधला. दादांनी डिझेलच्या नळीला प्रेशरचं मीटर जोडून खिडकीतून आत घेतलं होतं. काटा वाचून लिहायला मी मध्ये बसले, गाडी हनीफभाईंच्या हातात.

"चार," मी म्हणाले. बराच वेळ चारच होतं. घाट लागला. "तीन." पुढच्या वळणावर, "दोन." हनीफभाईंच्या कपाळावर घाम. गाडी थांबली.

दादा म्हणाले, "झाकण उघडा."

चावी शेठकडं! फोन लावला, तर म्हणाले, "कुणी हात लावायचा नाय. माझ्यासमोर उघडायचं."

तास गेला. शेठ कारनं आले, पुटपुटत कुलपात चावी फिरवली. झाकण सैल झालं तशी टाकीनं सूंऽऽ करून लांब श्वास आत ओढला. शेठ काठी घालायला झाकण उघडायचे तेव्हाही हाच श्वास आत जात असणार, पण गॅरेजच्या आवाजात तो कधी कुणाला ऐकू आलाच नव्हता.

माझ्या तोंडून गेलं, "शेठ, तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. इथं हवेची वाटच बंद केली."

"स्वयंपाकघर घरी ठेवा, बाई."

दादांनी टाकीच्या तोंडावर नुसतं फडकं सैल बांधलं. "चल, हनीफ." तोच ट्रक, तोच घाट. काटा चारवर गेला आणि माथ्यापर्यंत चारवरच राहिला. हनीफभाईंनी रुमालानं डोळे पुसले. म्हणाले, "आँख में धूल गई, ताई."

गॅरेजवर आल्यावर मी शेठना विचारलं, "कारणात झाकण लिहू ना?"

"मागच्या तिन्हींवर आहे तेच लिहा. कार्डांचा मेळ बसला पाहिजे. आणि हनीफला सांगा, नोकरी राहिली तुझी. आणखी काय पाहिजे?"

मी लिहिलं. नेहमीच्याच चांगल्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हनीफभाईंनी चारही कार्डं माझ्याकडून वाचून घेतली, चौथ्यावर सही केली नाही, गाडीची किल्ली त्यावर ठेवली आणि पायी जालना रोडकडं निघून गेले.