खंडेनवमीची रायफल

जगात धुळीला खरोखर घाबरणारा माणूस एकच आहे आणि तो अमेरिकेत, चँडलरमध्ये, माझ्या समोरच्या घरात राहतो. राहायला वाळवंट निवडायचं आणि वैर धुळीशी धरायचं, हे काय गणित आहे ते मला अजून सुटलेलं नाही. हे काका मूळचे सांगलीचे. तीस वर्षं त्यांनी इथल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात काढली. तिथल्या क्लीनरूममध्ये डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालायचा आणि एक कण पडला तरी अख्खी बॅच कचऱ्यात. रिटायर झाले तेव्हा झगा गेला, सवय राहिली. त्यांच्याकडे जाताना मी बुटांबरोबर मोजेही काढतो, तरी ते माझ्या टाचांकडे संशयाने बघतात.

दुसरं वेड मोजण्याचं. शर्टाच्या खिशात जाडी मोजायचा डिजिटल कॅलिपर कायम. पोळी कडेला जाड आणि मध्ये पातळ येते हे त्यांनी एकदा भर जेवणात आकड्यानिशी सिद्ध केलं. काकूंनी पुढे दोन दिवस ब्रेड वाढला. आणि तिसरं, लेबलांचं. घरातला प्रत्येक स्क्रू झिपलॉकच्या पिशवीत, वर चिठ्ठी: काय, कुठून निघालं, कोणत्या तारखेला. तारीख कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "अरे, मेमरी चीट करते. लेबल करत नाही."

अशा माणसाच्या डायनिंग टेबलावर एक दिवस रायफल आली. झुरळसुद्धा कागदावर घेऊन अंगणात सोडून येणारा हा माणूस, मी दारातच थबकलो. रायफल त्यांच्या शेजारच्या गोऱ्या आजोबांची होती. आजोबांची बायको वारलेली, हात थरथरायचे, आणि महिनाअखेरीस ते घर सोडून मिनेसोटाला लेकीकडे जाणार होते. लेकीला घरात बंदूक नको होती, म्हणून ती पुतण्याकडे जायची होती. त्याआधी एक शेवटचा रविवार रेंजवर जावं, कागदाच्या टार्गेटवर नेम धरावा, एवढीच त्यांची इच्छा. बोटांत जोर उरला नाही म्हणून त्यांनी हलका नवा ट्रिगर बसवून घेतला होता. साफसफाई तेवढी काकांकडे आली.

काकांनी ती इतकी साफ केली की तिच्यात तोंड बघून भांग पाडावा. तेवढ्यात खंडेनवमी आली. पाटावर कॅलिपर, लॅपटॉप, काकूंचा मिक्सर आणि मधोमध उघडलेली रायफल. हळद-कुंकू, झेंडू, अक्षता, सगळं यथासांग. आजोबांनाही बोलावलं होतं. त्यांनी टोपी काढून हात जोडले आणि खिरीच्या दोन वाट्या संपवल्या.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, रायफल जोडली तर ट्रिगर अर्धाच दाबला जायचा आणि अडायचा. इथून माझ्या डोक्याचा भुगा सुरू झाला. काकांचा संशय बोल्ट कॅरिअरवर, म्हणजे आतल्या लोखंडी ठोकळ्यावर. तो प्रत्येक गोळीला मागे जातो, ट्रिगरची यंत्रणा पुन्हा सज्ज करतो आणि पुढची गोळी आत ढकलतो, असं काकांनी मला मिठाची डबी पुढेमागे सरकवून समजावलं. "ट्रिगर नवा, कॅरिअर जुना. दोघांची पत्रिका जुळत नाहीये," ते म्हणाले. मी मान डोलावली. काय समजलं ते विचारू नका.

मग तीन आठवडे हेच. चार वाजले की आजोबा यायचे, काकू आल्याचा चहा ठेवायच्या, काका आधी रायफल रिकामी असल्याची तीनदा खात्री करायचे, चौथ्यांदा मला करायला लावायचे आणि मोजायला बसायचे.

"आज थोडा फरक येतोय," काका म्हणायचे.

"कालपेक्षा जास्त की कमी?" मी विचारायचो.

"तेच तर कळत नाहीये यार."

मोजमाप पाच मिनिटं चालायचं आणि गप्पा दोन तास. आजोबा बायकोच्या गोष्टी सांगत, काका कारखान्याच्या. महिना संपत आला तसा माझाच जीव वरखाली व्हायला लागला. आजोबांचा रविवार हुकला असता. "काका, दुकानात दाखवू या ना," मी म्हटलं. ते ऐकू न आल्यासारखे मापं लिहायच्या वहीत बघत राहिले. "पूजेचं काही आत गेलं नसेल ना?" तर म्हणाले, "तीस वर्षं क्लीनरूम केलीय मी," आणि विषय बदलला. आजोबा दोन्ही हातांत कप धरून म्हणाले, "टेक युअर टाइम." काकूंनी मला आत बोलावलं आणि सांगितलं, "तू काही बोलू नकोस. चहा घे."

शेवटच्या शनिवारी काकांनी अचानक जाहीर केलं, झाली. रविवारी मी दोघांना रेंजवर ड्राइव्ह करून नेलं. काकांनी कानांत कापूस, वर हेडफोनसारखी ती कानझाकणी आणि त्यावर हात ठेवले होते. आजोबांनी दहा गोळ्या झाडल्या, सात कागदावर लागल्या. तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. मंगळवारी ते मिनेसोटाला गेले.

पुढच्या आठवड्यात मला एक स्क्रू हवा होता, म्हणून काकांचा ड्रॉवर उघडला. एका पिशवीत तांदळाचा एकच दाणा होता, कुंकवाने लाल झालेला. चिठ्ठीवर काकांचं अक्षर: अक्षत, एक नग, ट्रिगरखालून. खाली तारीख. मी ती दोनदा वाचली. ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.

म्हणजे ते तीन आठवडे काका काय मोजत होते? आणि आजोबांना हे ठाऊक होतं का? जन्मभर बंदुका हाताळलेला माणूस, आणि तोही रोज टेक युअर टाइम म्हणत होता. मला खरंच कळत नाही.

मी पिशवी घेऊन बाहेर आलो. काकांनी ती पाहिली आणि स्वच्छ टेबल पुन्हा पुसलं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत आले होते आणि काकूंनी सवयीने चार कप काढले होते.

"बस," काका म्हणाले. "मोजे असू देत."